वाफेवरचा धंदा: आधी मोदकपात्र, मग स्टीम ओव्हन

घरून कोथिंबीर वडी, दिंड, उकडीचे मोदक विकायचेत म्हणून कर्ज काढून स्टीम ओव्हन घेताय? जरा थांबा.

मोदकपात्रातली वाफही 100 अंशांच्या आसपासच असते. ती पदार्थावर पाणी होते, उष्णता सोडते. पदार्थ शिजतो, करपत नाही. ओव्हनचे जादा पैसे टायमर, तापमानाचं बटण आणि ट्रेचे. पण लाइट गेली की ऑर्डर अडकली! जळकोटसारख्या गावात हा हिशेब आधी करा.

दिंड नागपंचमीला, मोदक गणपतीत. हप्ता मात्र बाराही महिने. म्हणून पहिले दोन सण गॅसवर काढा, रोजचे घाणे वहीत लिहा. ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या, तरच ओव्हन घ्या. एफएसएसएआय नोंदणी मात्र पहिल्या ऑर्डरआधीच!