अर्धा सेकंद, ३२,७६८ किल्ल्या आणि नागपूरचा सर्व्हर

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोड लिहिणारा एक असतो आणि त्याचं पॅकेज बांधून आपल्यापर्यंत पोचवणारा दुसराच. पासवर्ड, बँकेचे व्यवहार आणि डिजिटल सह्या सांभाळणारं क्रिप्टोग्राफीचं काम असतं तिसऱ्याकडे, बहुतेकदा ओपनएसएसएल या लायब्ररीकडे. पॅकेज बांधणारी माणसं या तिसऱ्या दुव्याला किती जपतात, यावर आपली सगळ्यांची सुरक्षितता अवलंबून आहे. त्यांच्या जगातले हे नऊ किस्से.

१. भरवसा मिररवर नाही, सहीवर

आर्च लिनक्सच्या भारतीय मिररांच्या यादीत ‘अल्बोनी’ हे नाव सापडतं. त्यातल्या एका पत्त्यात ‘नॅग’ ही अक्षरं आहेत, म्हणजे आपलं नागपूर! मिरर म्हणजे मूळ सर्व्हरची हुबेहूब प्रत ठेवणारा सर्व्हर. कुणी त्यात घुसून फायली बदलल्या तर? तुमचा संगणक त्या स्वीकारणारच नाही. आर्चमध्ये प्रत्येक पॅकेजवर डिजिटल सही असते. डेबियनमध्ये सही ‘रिलीज’ फाइलवर असते, त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे डिजिटल ठसे, आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश. एक बाइट जरी बदलला तरी ही साखळी तुटते.

२. ओळी गेल्या, किल्ल्या उरल्या ३२,७६८

२००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएलचं पॅकेज बांधताना व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं साधन काही ओळींवर तक्रार करत होतं. पॅकेज सांभाळणाऱ्याने मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारलं, ठाम विरोध झाला नाही आणि त्या ओळी निघाल्या. पण किल्ली बनवताना लागणारी यादृच्छिकता त्यातल्याच एका ओळीतून आत जात होती! मागे उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, तोही जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी एका जातीच्या संगणकावर एवढेच पर्याय शिल्लक राहिले. लुसियानो बेलो यांनी ही चूक शोधली आणि १३ मे २००८ रोजी ती जाहीर झाली. उबंटूलाही तिचा फटका बसला. नुसत्या अपडेटने भागलं नाही, आधी बनवलेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. कच्च्या किल्ल्यांची यादीच पुढे वेगळं पॅकेज म्हणून वाटली गेली.

३. एक प्रत बरी की पन्नास?

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड झाली. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंत तुकडे बाहेर काढता येत होते, तेही माग न ठेवता. जिथे सगळे प्रोग्रॅम सिस्टिमची एकच ओपनएसएसएल वापरत होते, तिथे एक पॅकेज बदललं, सेवा पुन्हा सुरू केल्या आणि भोक बुजलं. ज्यांनी आपल्या सॉफ्टवेअरच्या पोटात स्वतंत्र प्रत भरून ठेवली होती, त्यांना प्रत्येक प्रत हुडकावी लागली. क्रिप्टोग्राफीची लायब्ररी सोबत बांधून देऊ नका, सिस्टिमची वापरा, असा आग्रह डिस्ट्रो, म्हणजे डेबियनसारखी लिनक्सची वितरणं, का धरतात ते इथे कळतं.

४. क्रिप्टोचं बिऱ्हाड नेदरलँड्समध्ये

एके काळी अमेरिकेतून ताकदवान एन्क्रिप्शन बाहेर पाठवणं शस्त्रनिर्यातीच्या नियमांत अडकत असे. म्हणून डेबियनने अशी पॅकेजं ‘नॉन-यूएस’ नावाच्या वेगळ्या विभागात, नेदरलँड्समधल्या सर्व्हरवर ठेवली. नियम सैलावले आणि २००५ च्या ‘सार्ज’ आवृत्तीत हा विभाग संपला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं बिऱ्हाड कॅनडात होतं, त्यामुळे तिथे एन्क्रिप्शन सुरुवातीपासून मोकळेपणाने आलं.

५. पेटंटपायी कात्री

आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीचं अमेरिकी पेटंट २० सप्टेंबर २००० रोजी संपणार होतं. आरएसएच्या कंपनीने दोन आठवडे आधीच, ६ सप्टेंबरला, ते सर्वांना खुलं केलं. इलिप्टिक कर्व्ह या दुसऱ्या पद्धतीचं प्रकरण मात्र लांबलं. पेटंटच्या धास्तीने फेडोरा ही डिस्ट्रो आपल्या ओपनएसएसएलमधून तो भागच कापून टाकत असे. २०१३ मध्ये तो परत आला.

६. लायसन्सचं भांडण

ओपनएसएसएलच्या जुन्या परवान्यात जाहिरातीत श्रेय देण्याची अट होती, आणि ती जीपीएलशी जुळत नव्हती. म्हणून डेबियनमध्ये कर्लची लायब्ररी ओपनएसएसएल आणि जीएनयूटीएलएस ही पर्यायी लायब्ररी अशा दोन्ही रूपांत मिळते. ७ सप्टेंबर २०२१ रोजी ओपनएसएसएल ३.० अपाची परवान्याखाली आलं आणि जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी असलेला झगडा मिटला.

७. दिल्लीची प्रमाणपत्रं, लिनक्स सुखरूप

२ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या डोमेनच्या नावे परस्पर दिलेली प्रमाणपत्रं सापडली. ती केंद्र सरकारच्या एनआयसीच्या यंत्रणेतून निघाली होती. प्रमाणपत्रं देणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या भारताच्या सीसीएचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, मोझिलाच्या नव्हतं. त्यामुळे धोका मुख्यतः विंडोजला होता, फायरफॉक्सला आणि लिनक्सवरच्या क्रोमला नाही. डेबियनचं प्रमाणपत्रांचं पॅकेज मोझिलाचीच यादी घेतं. कोणावर विश्वास ठेवायचा, हेसुद्धा एका पॅकेजमध्ये ठरतं.

८. रस्ट आलं, जुनी यंत्रं अडली

फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीच्या ३.४ आवृत्तीत रस्ट भाषा आली. मेमरीच्या चुका टाळण्यासाठी हे पाऊल चांगलंच होतं. पण अल्फा, एचपीपीए, आयए-६४ अशा जुन्या प्रोसेसरांवर रस्टचा कंपायलर चालत नव्हता आणि जेंटू या डिस्ट्रोच्या मंडळींची पंचाईत झाली. एक अवलंबित्व बदललं की त्याखालची अख्खी उतरंड हलते.

९. अर्ध्या सेकंदाने वाचवलं

मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड डेटाबेसची गती मोजत असताना एसएसएच लॉगिनला ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पिच्छा सोडला नाही आणि एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार सापडलं. एसएसएच लॉगिन सांभाळणारं मूळ ओपनएसएसएच एक्सझेडला हातही लावत नाही! काही डिस्ट्रोंनी सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीशी जोडणीसाठी त्यात पॅच घातला होता. सिस्टिमडीच्या लायब्ररीबरोबर एक्सझेडची लायब्ररी आत शिरली आणि चोरदाराला वाट मिळाली. २९ मार्चला ही गोष्ट जाहीर झाली, बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत घाण पोचायच्या आत.

पॅकेज बांधायला बसाल तेव्हा

व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी नागपूरच्या मुलामुलींनो, या कामाला मोठ्या कंपनीची नोकरी लागत नाही, लागते ती चिकाटी. क्रिप्टोग्राफीच्या कोडमधली ओळ निरुपयोगी वाटली तर मूळ लेखकांना पूर्ण पॅच दाखवून विचारा आणि स्पष्ट होकार मिळेपर्यंत थांबा. लायब्ररी सिस्टिमचीच घ्या. उबंटू २२.०४ वर ‘लिबएसएसएल १.१ सापडत नाही’ असं म्हणणाऱ्या प्रोग्रॅमसाठी कुठलंही जुनं पॅकेज उतरवू नका: त्या १.१.१ शाखेचा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला आहे. तो प्रोग्रॅमच नव्या ओपनएसएसएलवर बांधा आणि केलेला बदल मूळ प्रकल्पाला परत पाठवा. तुमच्या एका पॅचमुळे जगभरचे संगणक सुरक्षित होऊ शकतात!