सराट्याचा काढा आणि मूत्रल गोळी

माळावरून अनवाणी चाललेल्या माणसाला सराट्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आयुर्वेदात यालाच गोक्षुर म्हणतात आणि लघवी साफ होण्यासाठी त्याच्या फळांचा काढा देतात. दवाखान्यात याच कामासाठी फ्युरोसेमाइडची गोळी मिळते. तेव्हा गोळीऐवजी काढा घेतला तर चालेल काय, या प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात घेतात. लघवीवाटे जातो तो दीड-दोन लिटर. मूत्रनलिकेच्या एका भागात मीठ परत शोषले जाते, ते फ्युरोसेमाइड रोखते. मीठ गेले की त्यामागोमाग पाणीही जाते. गोळी घेतल्यावर तासाभरात परिणाम सुरू होतो व सुमारे सहा तास टिकतो.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रयोगशाळेतील उंदरांना सराट्याचा अर्क दिला, तेव्हा त्यांना फ्युरोसेमाइडपेक्षाही किंचित अधिक लघवी झाली. परंतु अर्काचे प्रमाण होते शरीराच्या दर किलो वजनामागे ५ ग्रॅम! उंदरावरून माणसाची मात्रा काढताना ती साधारण सहापटीने कमी धरतात. तरीही ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम अर्क लागेल. घरच्या पेलाभर काढ्यात तो कोठून येणार?

शिवाय लघवीबरोबर काय गेले, हेही पाहावे लागते. त्या उंदरांच्या लघवीत पोटॅशियमही वाढले होते. फ्युरोसेमाइडनेही ते जाते, आणि फार कमी झाले तर हृदयाची लय बिघडते. म्हणूनच डॉक्टर मधूनमधून रक्त तपासून गोळीची मात्रा ठरवतात. काढ्याची मात्रा अशी मोजलेली नसते.

हृदय थकल्यामुळे ज्याच्या पायांवर सूज आली आहे, त्याने आपल्या मनाने गोळी सोडली तर पाणी फुप्फुसात साठून श्वास कोंडतो. दोन्ही एकदम घेतल्यास ते प्रमाणाबाहेर जाण्याचा धोका आहे.

सराट्यात गुण नाही, असे आम्ही म्हणत नाही. गुण आहे म्हणूनच तो मोजून घेतला पाहिजे. तोवर वैद्यांना गोळीविषयी व डॉक्टरांना काढ्याविषयी मोकळेपणाने सांगावे, आणि सुजेच्या रोग्याने रोज सकाळी वजन करून ते लिहून ठेवावे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.