गाठीला सुई लावायला घाबरू नका



छातीत गाठ लागली की बाई आधी ती लपवते. लाज, भीती, घरातली कामं, बुडणारी रोजी, सगळं आडवं येतं. मग एखाद्या दिवशी शेजारणीला सांगते. शेजारीण काळजीनेच म्हणते, "दवाखान्यात जा, पण गाठीला सुई लावून घेऊ नको. सुई लागली की कॅन्सर उठतो." वस्त्यांमध्ये शिबिरे घेताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की या वेळचे पान त्यालाच द्यायचे ठरवले.

हा समज का पसरला, तेही समजून घेऊ. आपल्याकडे बाई तपासणीला येते तीच मुळात उशिरा. सुई लावली, रिपोर्ट कॅन्सरचा आला आणि काही महिन्यांत ती गेली, तर लोक म्हणतात, "सुईने गेली." खरे तर रोग आधीच वाढलेला असतो. सुईच्या तपासणीमुळे रोग बळावतो किंवा बाईचे आयुष्य कमी होते, असे आढळलेले नाही. घात करतो तो उशीर.

आधी दिलासा देणारी गोष्ट. छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. कधी पाण्याची गाठ असते, तर तरुण मुलींमध्ये हाताखाली सरकणारी साधी गाठ असते. पण कोणती गाठ साधी आणि कोणती नाही, हे नुसत्या हाताला कळत नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून "दुखत नाही ना, मग राहू दे" असे म्हणू नका.

गाठीची तपासणी तीन पायऱ्यांनी होते. पहिली, डॉक्टरांनी हाताने तपासणे. दुसरी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. तिसरी, गरज असेल तर सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी.

सोनोग्राफी फक्त पोटाची किंवा गरोदरपणातच करतात, असे पुष्कळ बायकांना वाटते. तसे नाही. छातीवर जेल लावून मशीनचा दांडा फिरवतात. आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटते. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पाण्याची गाठ पडद्यावर काळी आणि गुळगुळीत कडेची दिसते. साधी भरीव गाठ बहुधा लांबट, आडवी असते. कडा वेड्यावाकड्या असल्या किंवा गाठ आडवी नसून उभी वाढलेली दिसली, तर डॉक्टरांना संशय येतो. काखेतल्या गाठीही त्याच वेळी पाहतात.

तिशीच्या आतल्या बाईची सहसा आधी सोनोग्राफी करतात. चाळिशीनंतर मॅमोग्राफीही लागते, कारण चुन्याचे बारीक कण सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत.

रिपोर्टच्या शेवटी "बायरॅड्स" या शब्दापुढे एक आकडा असतो, तो जरूर पाहा. १ म्हणजे काही दोष नाही. २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे बहुधा साधीच, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी टाळू नका. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी काही करावे लागेल.

आता सुईविषयी. बाई पाठीवर झोपते. त्वचा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात, तेवढे टोचते. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत डॉक्टर सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवून गाठीपर्यंत नेतात. टोक कुठे आहे ते दिसत असते, म्हणून लहान किंवा खोल गाठही सहसा चुकत नाही. बटण दाबले की खट् असा आवाज येतो, त्याला दचकू नका. शेवईसारखे बारीक तीन-चार तुकडे काढतात. नंतर जागा दहा मिनिटे दाबून धरतात. टाके लागत नाहीत, बाई त्याच दिवशी घरी जाते. थोडे काळे-निळे पडते, ते जिरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका.

एवढे करायचे कशाला, थेट गाठच काढून टाकू, असे कोणी म्हणाले तर विचारा, "आधी बायोप्सी का नको?" गाठ साधी निघाली तर बहुतेकदा ऑपरेशन लागतच नाही. कॅन्सर निघाला तर त्याचा प्रकार कळतो, आणि आधी औषधे द्यायची की ऑपरेशन, छाती वाचवता येईल का, हे ठरवता येते. न तपासता गाठ काढली, तर पुष्कळदा दुसरे ऑपरेशन करावे लागते. आणखी एक. सोनोग्राफीत संशय होता आणि बायोप्सीत काही निघाले नाही, तर दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा. कधी पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

वेळेवर तपासल्याने काय होते, हे आपल्याच वस्त्यांनी दाखवले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पण हाताला गाठ लागल्यावर पुढची पायरी चढली, तरच याचा उपयोग.

तिशीनंतर आरोग्य केंद्रात छातीची तपासणी मागा. ती सरकारी कार्यक्रमात आहे. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत बाई असावी, हा तुमचा हक्क आहे. संमतीपत्रावर सही तुमची लागते, नवऱ्याची नाही. रिपोर्टची प्रत घ्या आणि जपून ठेवा. खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, काय बसते ते विचारा.

आणि शेजारणीने गाठ असल्याचे सांगितले, तर तिला सुईची भीती घालू नका. एक दिवसाची रजा काढा आणि तिच्यासोबत जा.