न्यायिक लिपिकपदाचा अर्ज आणि लेखननमुन्याची निवड

प्रस्तावना :
अमेरिकेत विधी पदवीधराला न्यायाधीशांकडे एक किंवा दोन वर्षे लिपिक म्हणून काम करण्याची संधी मिळणे अत्यंत मानाचे समजले जाते. 'लिपिक' या शब्दाने येथे कारकुनी अभिप्रेत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १८८२ मध्ये स्वखर्चाने एक तरुण विधी पदवीधर सहायक म्हणून नेमला. पुढे रूढ झालेल्या या प्रथेत लिपिक संशोधन करतो, प्रकरणाचे टिपण तयार करतो आणि अनेकदा निकालपत्राचा कच्चा मसुदाही लिहितो. म्हणूनच अर्जासोबतच्या लेखननमुन्याला विशेष महत्त्व आहे.

निवडीचा निकष :
नमुना सामान्यतः दहा पानांच्या आसपास असतो. तथापि प्रत्येक न्यायाधीशांची अपेक्षा वेगळी असू शकते. विधीलेखनाच्या वर्गातील मेमो, अभिरूप न्यायालयासाठीचे ब्रीफ अथवा नियतकालिकासाठीचा शोधनिबंध यांतून निवड करता येते. ज्या लेखनात कायद्याचा नेमका प्रश्न मांडला आहे, वस्तुस्थितीला नियम लावून दाखविला आहे आणि प्रतिकूल निवाड्यांचीही दखल घेतली आहे, ते लेखन श्रेयस्कर होय. धोरणविषयक निबंध वाचनीय असला तरी न्यायदालनातील कामाची कुवत त्यातून पुरेशी प्रकट होत नाही.

स्वकर्तृत्व आणि गोपनीयता :
प्रकाशित लेख प्रतिष्ठेचा वाटतो; परंतु त्यावर संपादकांचा हात फिरलेला असतो. अशा वेळी संपादनापूर्वीचा स्वतःचा मसुदा अधिक प्रामाणिक ठरतो. प्राध्यापकांच्या सर्वसाधारण सूचना घेणे वेगळे आणि त्यांच्याकडून वाक्ये लिहून घेणे वेगळे. नोकरीत तयार केलेले टिपण जोडावयाचे असल्यास कार्यालयाची परवानगी घेणे आणि पक्षकाराची ओळख झाकणे अनिवार्य आहे. गोपनीय मजकूर उघड करणारा उमेदवार, कितीही उत्तम लिहिणारा असला तरी, त्या नमुन्यानेच स्वतःला अपात्र ठरवितो; कारण न्यायदालनातील गुप्तता राखणे हे लिपिकाचे पहिले कर्तव्य आहे. लेखनाचा संदर्भ, वगळलेले भाग, इतरांचे साहाय्य आणि मिळालेली परवानगी यांचा उल्लेख आरंभीच्या छोट्या निवेदनात करावा.

समारोप :
भारताच्या सर्वोच्च न्यायालयातही विधी लिपिक-नि-संशोधन सहयोगी नेमले जातात. २०२४-२५ साठीच्या निवडप्रक्रियेत वस्तुनिष्ठ परीक्षा आणि मुलाखत यांच्या जोडीला लेखन व विश्लेषणक्षमतेची वर्णनात्मक चाचणी होती. विद्यार्थ्याजवळ स्वतःचे असे लेखन असेल, तरच निवडीचा प्रश्न उद्भवतो. केवळ परीक्षेची उत्तरे लिहून ते निर्माण होत नाही. विद्यार्थ्याकडून वारंवार लिहून घेणे, उणिवा दाखविणे आणि दुरुस्ती मात्र त्याच्याच हातून करवून घेणे, ही प्राध्यापकांची जबाबदारी या निवडीच्या पुष्कळ आधी सुरू होते.