ढलप्यांवर तापणारे शहर

वेक्शो हे दक्षिण स्वीडनच्या स्मोलांड प्रांतातले, तळ्यांच्या आणि सूचिपर्णी जंगलांच्या मधोमध वसलेले शहर. नगरपालिकेच्या हद्दीतली वस्ती जेमतेम लाखभर. १९९६ मध्ये या नगरपालिकेने सर्व पक्षांच्या एकमताने एक ठराव केला. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांवाचून शहर चालवायचे, असे त्यात ठरले.

ठरावाची पूर्वतयारी बरीच आधी झाली होती. शहरालगतचे ट्रुमेन तळे सांडपाण्याने सडले होते. १९७० च्या सुमारास त्याचा गाळ उपसला गेला आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. पाठोपाठ १९७३ मध्ये तेलाच्या किमतींचा भडका उडाला. थंडीत घरे तापवण्यासाठी परदेशी तेल महाग पडू लागले आणि जंगलात लाकूडतोडीनंतर शेंडे-फांद्या मात्र फुकट पडून असत. नगरपालिकेच्या मालकीच्या वीज कंपनीने १९८० मध्ये सांडविक येथील केंद्रात तेलाऐवजी लाकडाच्या ढलप्या जाळायला सुरुवात केली.

या केंद्राची रचना आपल्याकडच्या साखर कारखान्यातील सहवीजनिर्मितीसारखी आहे. तिथे इंधन बगॅस, इथे ढलप्या. बॉयलरमधल्या वाफेवर आधी जनित्र फिरते आणि वीज निघते. उरलेल्या उष्णतेने पाणी तापवून ते जमिनीखालच्या वेष्टित नळांतून शहरभर फिरवतात. प्रत्येक इमारतीत ही उष्णता तिथल्या नळांतील पाण्याला दिली जाते आणि थंड झालेले पाणी केंद्राकडे परतते. घरोघरी बॉयलर ठेवायची गरजच उरत नाही. देशाने १९९१ मध्ये कार्बन कर लावल्यावर तेल आणखी महागले, तर ढलप्यांना तो कर नव्हता. नगरपालिकेच्या इच्छाशक्तीला हिशेबाची अशी साथ मिळाली, हे विसरून चालणार नाही.

उत्सर्जन मोजण्यासाठी १९९३ हे आधारवर्ष धरले होते. २०१० पर्यंत दरडोई उत्सर्जन निम्म्यावर आणायचे होते. ते मुदतीत साधले नाही, पण घट एक तृतीयांशाच्या पुढे गेली. युरोपीय आयोगाने २०१८ साठी ‘ग्रीन लीफ’ हा मान वेक्शोला, बेल्जियममधील लूव्हेनसोबत, दिला.

या आकड्यांना दोन मर्यादा आहेत. लाकूड जळताना धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतोच. जंगल पुन्हा वाढताना तो शोषून घेते, या गृहीतकावर तो शून्य धरला जातो. झाड वाढायला मात्र कित्येक दशके लागतात. शिवाय रहिवाशांनी बाहेरून आणलेल्या वस्तूंचे किंवा विमानप्रवासाचे उत्सर्जन या हिशेबात येत नाही.

नगरपालिकेने पुढे लाकडी बांधकामावर भर दिला. तळ्याकाठी आठ मजली लाकडी इमारती उभ्या राहिल्या. सांडपाण्याचा गाळ आणि घरातले खरकटे यांपासून बायोगॅस तयार करून त्यावर शहरबस चालवल्या जाऊ लागल्या. खासगी मोटारींवर मात्र नगरपालिकेचा हुकूम चालत नाही. वीज कंपनी तिची, नळ तिचे. गाडी नागरिकाची आणि इंधनाचे धोरण देशाचे. म्हणून २०३० पर्यंत जीवाश्म इंधनमुक्त होण्याच्या उद्दिष्टात सर्वांत अवघड वाटा वाहतुकीचाच आहे.