करवंटी, कोळसा आणि दहा गुंठे

करवंटी जाळली की कोळसा, आणि तोच दळला की पाण्याच्या फिल्टरमधला ‘ॲक्टिव्हेटेड कार्बन’, असा बऱ्याच जणांचा समज असतो. उघड्यावर जाळलेल्या करवंटीची शेवटी राखच होते. कोळसा हवा तर हवा जवळपास तोडून 400 ते 600 अंश सेल्सिअसला ती भाजावी लागते. पाणी, डांबर, वायू निघून जातात आणि 100 किलो करवंटीमागे साधारण 30 किलो कोळसा हाती लागतो. शेगडीला तो उत्तम. फिल्टरमध्ये मात्र फारसा कामाचा नाही, कारण त्यातली बरीच छिद्रं डांबराने बुजलेली किंवा फार अरुंद असतात.

खरं काम इथून पुढे. 800 ते 1000 अंशांना तापलेल्या कोळशावर वाफ सोडतात. वाफ आणि कार्बन मिळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात; म्हणजे कोळशाचाच काही भाग वायू होऊन उडून जातो आणि मागे पोकळ्या राहतात. हे कोरणं कुठे थांबवायचं, यातच कारखानदाराचं कसब. लवकर आवरलं तर छिद्रं उघडत नाहीत, लांबवलं तर मधल्या भिंती ढासळतात आणि मालही घटतो. साधलं, तर एका ग्रॅमच्या पोटात 1000 चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो. आपल्या मापात जवळजवळ दहा गुंठे!

कच्चा कोळसा आणि हा कार्बन, दोन्ही दिसायला काळेच. म्हणून धंद्यात ‘आयोडीन नंबर’ विचारतात. वजन केलेली पूड आयोडीनच्या तपकिरी द्रावणात घालून हलवायची, गाळायची आणि गाळलेल्या द्रावणात किती आयोडीन उरलं ते थायोसल्फेटने मोजायचं. शेवटी स्टार्च टाकला की द्रावण निळं होतं. तो निळा रंग गेला की मोजणी संपली. ग्रॅममागे किती मिलिग्रॅम आयोडीन धरलं, तो हा नंबर. पाण्यासाठीच्या चांगल्या मालाचा तो सहसा 900 ते 1100 असतो.

पण नंबर मोठा म्हणून माल सगळ्याच कामांना भारी, हेही खरं नाही. आयोडीनचा रेणू लहान. करवंटीच्या कार्बनमधली बहुतेक छिद्रं 2 नॅनोमीटरपेक्षा बारीक असल्याने वासाचे छोटे रेणू त्यात पक्के बसतात. सोन्याच्या खाणीत सायनाइडच्या द्रावणातलं सोनं पकडायलाही हाच कार्बन लागतो; तो टणक असल्याने घुसळताना फारसा झिजत नाही. साखरेच्या पाकातले रंगाचे रेणू मात्र मोठे, ते या छिद्रांत शिरतच नाहीत. तिथे फॉस्फोरिक आम्ल वापरून केलेला, रुंद छिद्रांचा लाकडाचा कार्बन सरस ठरतो. सोडियम-आयन बॅटरीत तर उलटाच न्याय: तिथल्या ‘हार्ड कार्बन’ नावाच्या वेगळ्या प्रकारच्या कार्बनला उघडी छिद्रं नको असतात, आतल्या बंद पोकळ्या कामाला येतात.

‘कार्बन करायला शेतातला कुठलाही कचरा चालतो’ हे वाक्य प्रकल्प-अहवालात शोभतं. भाताच्या तुसात सिलिका इतकी, की राखच 15 ते 20 टक्के. उसाचं चिपाड हलकं. त्याचे टणक दाणे पाडणं कठीण, आणि साखर कारखान्याच्या बॉयलरचा त्यावर पहिला हक्क. वनस्पतीपासून केलं म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, असंही नाही. खड्ड्यात करवंट्या भाजताना निघणारा दाट पिवळट धूर कोणाच्या तरी छातीत जातोच. तोच वायू बंद भट्टीत जाळला तर उष्णता मिळते आणि शेजारी भांडायला येत नाहीत.

घरचा फिल्टर घ्या. कार्बन क्लोरीन काढतो, तोही नुसता धरून न ठेवता रासायनिक क्रियेने त्याचा क्लोराइड करून. म्हणूनच आरओच्या पडद्याआधी कार्बन बसवतात. क्लोरीनने तो पडदा खराब होतो. पण पाण्याचा जडपणा आणि विरघळलेले क्षार कार्बनला दाद देत नाहीत. जंतूंचं तर विचारूच नका: क्लोरीन गेलेल्या पाण्यात, छिद्राछिद्रांच्या त्या पृष्ठभागावर ते उलट वाढू शकतात.

संपलेली कार्ट्रिज उन्हात वाळवून परत बसवणारेही भेटतात. उन्हाने ओलावा जातो. घट्ट बसलेले रेणू बहुतांशी जागीच राहतात. कार्बन खऱ्या अर्थाने पुन्हा कामाला लावायचा, तर भट्टीत 800 अंशांच्या आसपास वाफेत तापवावा लागतो. गच्चीवर ते जमणारं नाही, तेव्हा कार्ट्रिज वेळेवर बदलावी.