हमिंगबर्डचे स्थलांतर व वीण : नागरिक निरीक्षकांचे योगदान

प्रस्तावना :

हमिंगबर्ड केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आढळतो. आपल्याकडील शिंजिराला काही वेळा हेच नाव दिले जाते. परंतु हे पक्षी भिन्न कुळांतील आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात नियमित वीण करणारी हमिंगबर्डची जात एकच, ती म्हणजे रुबी-थ्रोटेड. यातील नराचा कंठ माणकासारखा लाल असतो. सुमारे ३ ग्रॅम वजनाचा हा पक्षी मेक्सिको व मध्य अमेरिकेत हिवाळा घालवून वसंतात उत्तरेकडे परततो. या प्रवासात अनेक पक्षी मेक्सिकोचे आखात, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर, न थांबता ओलांडतात. त्यांचे गावोगावचे आगमन टिपणे मोजक्या शास्त्रज्ञांच्या आवाक्याबाहेरचे आहे. येथेच नागरिकांचे साहाय्य मोलाचे ठरते.

नोंदींची परंपरा :

पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा गोळा करण्याचे काम वेल्स कुक यांनी १८८१ च्या सुमारास सुरू केले. १९७० पर्यंत चाललेल्या या उपक्रमात सुमारे ६० लाख नोंदपत्रे जमली. २००९ पासून स्वयंसेवकांनी ती संगणकावर उतरविण्यास आरंभ केला. दरम्यान १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'जर्नी नॉर्थ' उपक्रमात विद्यार्थी व नागरिक पहिला हमिंगबर्ड दिसल्याची तारीख कळवू लागले. या दोन्ही संग्रहांची तुलना करणारा अभ्यास २०१३ मध्ये 'द ऑक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८८०-१९६९ च्या तुलनेत २००१-२०१० या काळात हा पक्षी अक्षांशानुसार सुमारे ११ ते १८ दिवस लवकर येत असल्याचे त्यात आढळले.

मर्यादा :

निरीक्षक वाढले की पहिला पक्षी लवकर दृष्टीस पडण्याचा संभवही वाढतो. त्यामुळे केवळ तारीख पुरेशी नसते. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'ईबर्ड'मध्ये निरीक्षणाचा कालावधी, अंतर व ओळखलेल्या सर्व जातींची संपूर्ण यादी मागितली जाते. संपूर्ण यादीत एखादी जात नसणे हीदेखील माहितीच होय.

वीण :

घरटे मादी एकटीच बांधते. वनस्पतींचे मऊ तंतू कोळ्याच्या जाळ्याने बांधून ती बाहेरून दगडफूल चिकटविते. अंडी बहुधा दोन असतात. ती सुमारे दोन आठवडे उबविली जातात. 'नेस्टवॉच' उपक्रमातील निरीक्षक तीन-चार दिवसांनी घरट्यास भेट देऊन अंडी व पिलांची नोंद करतात. मात्र पिले उडण्याच्या बेतात असताना जवळ जाणे निषिद्ध आहे, कारण घाबरलेली पिले वेळेआधीच घरटे सोडतात.

निष्कर्ष :

एकट्या नोंदीवरून अनुमान काढता येत नाही. परंतु ठिकाण, दिनांक व निरीक्षणाचा वेळ यांसह ती वर्षानुवर्षे जतन झाल्यास ऋतुचक्रातील बदलाचा पुरावा ठरते. मात्र त्या नोंदीसाठी पक्ष्याला उपद्रव होऊ नये, ही पहिली अट होय.